मंगनीचे शरबत

मराठीत ज्याला 'सरबत' म्हणतात, त्याला आमच्या घरात 'शरबत' म्हणतात. सहावीच्या वर्गात उर्दू शिकवताना मी हा शब्द फळ्यावर लिहिते आणि त्याची मूळ अक्षरे वेगळी करून दाखवते : शीन, रे, बे. पिणे या अर्थाचे हे अरबी मूळ. त्यातूनच शरबत आला, मशरूब आला आणि शराबही आला. 'शराब' म्हटले की मुले एकमेकांकडे पाहून हसतात. मग त्यांना सांगावे लागते की अरबीत शराब म्हणजे कुठलेही पेय. कुरआन शरीफमध्ये सूरह नहलमध्ये मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या मधासाठी हाच शब्द आला आहे. दारू हा अर्थ पुढे त्याला चिकटला. इंग्रजांचे 'सिरप'सुद्धा याच घराण्यातले. एका मुळाची मुले, पण नशीब एकेकाचे वेगळे.

आमच्या भागात, म्हणजे बारामती, इंदापूर, दौंड, फलटण या बाजूच्या मुस्लिम कुटुंबांत, या शरबताला लग्नाच्या व्यवहारात मानाची जागा आहे. मी लहानपणापासून पाहिलेली मंगनी अशी : मुलाकडचे आठ-दहा वडीलधारे यायचे, सतरंजीवर बसायचे, इकडचे-तिकडचे बोलणे व्हायचे. मग आतून शरबताचा तबक यायचा. मुलाच्या वडिलांनी पहिला घोट घेतला की कुणीतरी म्हणायचे, "मुबारक हो, बात पक्की." तोवर कुणी ग्लासाला हात लावायचा नाही. मुलाने अर्धा प्यालेला ग्लास आत मुलीकडे जायचा आणि मुली खिदळायच्या. जाताना पाहुणे रिकाम्या तबकात सलामी म्हणून दहा-वीस रुपये टाकायचे. एवढीच मंगनी. स्टँपपेपर नाही, वकील नाही. एका ग्लासाने दोन घरांचा शब्द बांधला जायचा.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मंगनीचे छोटे लग्न झाले आहे. हॉल आला, स्टेज आले, केक आला, फोटोवाला आला आणि या सगळ्यांबरोबर जेवण आले. मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांच्या लग्नाआधी आता 'कॉकटेल पार्टी' असते. तो प्रकार आपल्याकडे येणार नाही, कारण शराब हराम. पण त्यातली शराब सोडून बाकीचे सगळे आपल्याकडे आलेच आहे : रोषणाई, डीजे, ठरावीक रंगाचे कपडे. माझ्या भावाच्या धाकट्या मुलीची गेल्या वर्षी इंदापूरला सोयरीक जुळली, तेव्हा ती मला म्हणाली, "फुफू, पुण्याला माझ्या मैत्रिणीच्या मंगनीत मॉकटेलचा काउंटर होता. रंगीत ग्लास, वर लिंबाची चकती. आपण पण लावू या का?"

मी म्हटले, "लावू. पण जेवण नाही. फक्त पेयं."

ती हसली. तिला वाटले मी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. माझे भाईजान दूध संकलनाचा टेम्पो चालवतात. चार वर्षांपूर्वी थोरल्या मुलीचे लग्न केले, त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. आणि इंदापूरहून निरोप आला होता : "आम्हाला काही नको. दीडशे माणसांचं जेवण तेवढं चांगलं ठेवा." मुलीच्या बापांना हे वाक्य पाठ असते. 'काही नको' हे त्यातले अर्धे वाक्य, खरे वाक्य पुढेच. बिर्याणीवाल्याने ताटाला तीनशे रुपये सांगितले. म्हणजे पंचेचाळीस हजार. हॉल, मंडप, खुर्च्या वेगळ्या. भाईजान काही बोलले नाहीत. रात्री जेवताना भाभींना इतकेच म्हणाले, "आणखी एक हप्ता वाढेल."

मी अब्बांना घेऊन इंदापूरला गेले. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत एसटी जाते. दोन्ही बाजूंना ऊस. नीरेच्या कालव्याने हा मुलूख साखरेचा केला. पुढे वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर असे कारखाने उभे राहिले. इंदापूर जवळ आले की डाळिंबाच्या बागा लागतात. मुलाच्या वडिलांचीही दोन एकर डाळिंबाची बाग आहे. माणसे वाईट नव्हती, हे आधीच सांगते. हुंडा त्यांनी मागितला नव्हता. १९६१ चा हुंडाबंदी कायदा त्यांना ठाऊक होता. पण जेवणाचा खर्चही मुलीच्या बापावरचे ओझेच असतो, असे त्यांना कुणी कधी सांगितलेच नव्हते.

चहा झाल्यावर मी विषय काढला. म्हटले, निकाहला काय लागते ते आपण सगळे जाणतो. ईजाब-कुबूल, दोन गवाह आणि मेहर. मेजवानी आहे ती वलीम्याची, आणि ती मुलाकडची. हजरत सफिया यांच्याशी निकाह झाला, तेव्हा खैबरहून परतीच्या वाटेवर पैगंबरसाहेबांनी वलीमा दिला. त्यात रोटी नव्हती, गोश्त नव्हते. खजूर, सुकवलेले दही आणि तूप, एवढेच होते. मुलीच्या बापाने मंगनीला दीडशे ताटे वाढावीत, असे मी शिकले त्यात कुठे आढळले नाही. तुमच्या वाचनात असेल तर सांगा.

मुलाचे बडे अब्बा म्हणाले, "बात बराबर है मॅडम, पर लोगां क्या बोलेंगे?"

मग मी उम्मे उसैद यांची गोष्ट सांगितली. ती सही बुखारीत आहे. अबू उसैद साअदी यांनी आपल्या लग्नाला पैगंबरसाहेबांना बोलावले. नवरी स्वतः पाहुण्यांची सरबराई करत होती. तिने रात्री दगडी भांड्यात खजूर भिजत घातले होते आणि जेवण झाल्यावर त्यांचे पाणी तिने पैगंबरसाहेबांना प्यायला दिले. लग्नातल्या शरबताला याहून मोठी सनद कोणती हवी?

कोपऱ्यात मुलाची दादी तसबीह घेऊन बसली होती. ती इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, "हमारी मंगनी में क्या था गे? गूळ का शरबत और पान. उसीमेंच सब होया. पचास बरस घर चल्या नं?"

मुलाच्या वडिलांनी मान हलवली. बडे अब्बांनी हलवली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीतल्या एका रविवारी, असर ते मगरिब, बारामतीत आमच्या घराच्या गच्चीवर मंगनी ठरली. भाचीला मी म्हटले, तुझा काउंटर लाव. तिने मैत्रिणींना घेऊन टेबले मांडली, पांढऱ्या चादरी घातल्या, प्रत्येक भांड्यापुढे उर्दू आणि मराठीत नावाची चिठ्ठी लावली. पाच पेये ठरली.

पहिले गुळाचे. मोहरममध्ये आपल्याकडे करतात तेच : साडेतीन किलो गूळ, वीस लिटर पाणी, चाळीस लिंबे, बडीशेप, सुंठ, थोडी काळी मिरी. गूळ आदल्या रात्री भिजवून गाळून घ्यायचा, म्हणजे खडा राहत नाही. दुसरे रूहअफ्जा घातलेले थंड दूध, वर भिजवलेला सब्जा. रूहअफ्जाची बाटली आपल्या प्रत्येक घरात असते. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला आणि पुढच्याच वर्षी उन्हाळ्याच्या त्रासावर थंडावा म्हणून हे शरबत आणले. फाळणीनंतर त्यांचे थोरले चिरंजीव दिल्लीत राहिले, धाकटे कराचीला गेले, आणि दोन्हीकडे तेच लाल शरबत तयार होत राहिले. तिसरे पन्हे. ते शेजारच्या काकूंनी केले. त्यांनी दोन किलो कैऱ्या उकडून, वेलची-केशर घालून पातेले पाठवले आणि वर निरोप, "मुलगी आमची पण आहे." चौथा उसाचा रस. रसवंतीवाल्याला सांगून त्याची गाडीच दारात उभी केली. घुंगरांचा आवाज वरपर्यंत येत होता, डीजेची गरज पडली नाही. आणि पाचवे डाळिंबाचे. आम्ही ते बाजारातून आणणार होतो. पण आदल्या दिवशी इंदापूरहून हस्त बहाराच्या डाळिंबांचे दोन क्रेट आले. मुलाच्या वडिलांनी पाठवले होते. रात्री गल्लीतल्या पोरींनी दाणे सोलले. ते दाणे पाहून भाईजान कित्येक दिवसांनी हसले. ओझे दोन घरांत वाटले जाते आहे, हे त्यांना पहिल्यांदा दिसले असावे. खाण्याला चिवडा आणि खजूर ठेवले, आणि शेवटी निमगाव केतकीची पाने.

नवरी मुलगी मंगनीत आत बसते, ही आपली रीत. या वेळी भाचीने स्वतः तबक हातात घेतला. काही बायकांनी एकमेकींकडे पाहिले. एक म्हणाली, "शरम नाही राहिली." दादीने तिला विचारले, "उम्मे उसैद को शरम नहीं थी क्या?" एका महिन्यात दादीने ते नाव पक्के लक्षात ठेवले होते. मुलगाही उठला आणि दुसरा तबक घेऊन बायकांच्या बाजूला, जिन्याच्या दारापर्यंत गेला. तो आयटीआय झालेला आहे, लाजाळू आहे. त्याचे हात थरथरत होते, पण ग्लास सांडला नाही.

मुलाच्या वडिलांनी पहिला घोट घेतला. मग सगळ्यांचे लक्ष बडे अब्बांकडे. त्यांनी ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मला शुगर आहे," ते म्हणाले. गच्चीवर शांतता पसरली. घरातल्या वडीलधाऱ्याने शरबत न पिणे म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होते. भाईजानांचा चेहरा उतरला. भाची काही न बोलता आत गेली आणि मातीच्या वाडग्यात मठ्ठा घेऊन आली. जिरे, कोथिंबीर, मीठ. साखरेच्या मुलखात मधुमेहाचे पाहुणे निघणारच, म्हणून तिने तो वेगळा करून ठेवला होता. त्याची चिठ्ठी मात्र लावली नव्हती. तिने तो त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "बडे अब्बा, यात साखर नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिले. वाडगा घेतला, तीन दमात संपवला, अल्हम्दुलिल्लाह म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत. अब्बा म्हणाले, "मुबारक हो."

हिशेब सांगते, कारण आपल्या समाजात मनसुबे सगळे सांगतात, हिशेब कुणी सांगत नाही. दूध, गूळ, साखर, लिंबे, बर्फ, रस, चिवडा, खजूर, पाने, भाड्याचे ग्लास आणि खुर्च्या, सगळे मिळून अकरा हजार चारशे रुपये. माणसे एकशे तीस. तो खर्च मी केला, फुफूचा मान म्हणून. सलामीत सहा हजारांच्या आसपास जमले, ते भाचीच्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी ठेवले. भाईजानांचा हप्ता वाढला नाही.

कुणी म्हणेल, हा कंजूषपणा आहे. दोन नातेवाइकांनी तोंडावर म्हटलेही, "मास्तरीणबाईंनी पाण्यावर भागवलं." पण मी शाळेत जे पाहते ते त्यांनी पाहिलेले नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात पहिली, हस्ताक्षर मोत्यासारखे. दहावीनंतर तिला पुढे पाठवा म्हणून मी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, शिकवायला पैसा नाही, लग्नाचं बघायचंय." दोन वर्षांनी तिच्या मंगनीचे बोलावणे आले. तीनशे माणसांचे जेवण होते, बिर्याणी उत्तम होती. मला घास गिळवेना. पैसा नव्हता असे नाही. तो कुठे खर्चायचा हे लोकांच्या तोंडाकडे पाहून ठरले होते. त्या बापाला मी दोष देत नाही. बिर्याणी ठेवली नसती तर त्याला नावे ठेवणारे त्याच पंगतीत बसले होते, आणि मीही त्याच पंगतीत होते.

म्हणून मला वाटते, नुसते 'खर्च करू नका' असे सांगून भागत नाही. माणसाला आनंद साजरा करायचा असतो, पाहुण्यांपुढे काहीतरी ठेवायचे असते, मुलींना रंगीत ग्लास हवे असतात. हे हवेपण खोटे नाही. त्याला आपल्याच रीतीत जागा शोधून द्यावी लागते, आणि ती जागा होती. पाहुण्यापुढे शरबत ठेवून शब्द बांधण्याची रीत आपल्या आजी-आजोबांनी आपल्या हातात दिली होती. आपण तिच्यावर बिर्याणीची डेग ठेवली आणि खालचा ग्लास दिसेनासा झाला.

भाचीचा निकाह तिची परीक्षा संपल्यावर आहे. मशिदीत निकाह, सर्वांना खजूर आणि शरबत, आणि दुसऱ्या दिवशी इंदापुरात मुलाकडचा वलीमा, असे दोन्ही घरांनी ठरवले आहे. बडे अब्बांनी अजून 'ठीक आहे' म्हटलेले नाही. निकाहच्या दिवशी मुलीकडून निदान पन्नास माणसांचे जेवण तरी हवे, असा निरोप त्यांनी मध्यंतरी पाठवला. अब्बा पुढच्या जुम्याला पुन्हा इंदापूरला जाणार आहेत. मीही जाईन. दरम्यान आमच्या गल्लीतल्या एका घराने माझ्याकडून पेयांची यादी आणि मापे लिहून नेली आहेत. मठ्ठ्याचे मापही दिले आहे.