डावा कान

अकराव्या दिवशी त्या माणसाला मी ठरलेले ७ हजार रुपये मोजून दिले, वर चहा करून दिला आणि "बरं झालं, लवकर तयार केलीत" असंही म्हणाले. याला चार वर्षं झाली. पैशाचं काही वाटत नाही. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, हे मात्र अजून खुपतं.

सावळी ही माझी घोडी. तिला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं. दत्तजयंतीची यात्रा, तापीचा काठ, राजस्थान-पंजाबपासून आलेली घोडी, नुकरे, अबलख, पंचकल्याणी. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी एकदा जाऊन यावं. घोडीचं वेड मला लहानपणापासूनचं. माझं माहेर तरडगावजवळचं. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबापाशी होतं, ते मी दादांच्या खांद्यावर बसून पाहायची. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथे माउली बसतात. एवढी माणसं, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि त्यातून तो मोकळा घोडा वाऱ्यासारखा जातो. धाव संपली की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आपल्या दारात एक घोडी असावी, हे तेव्हाच मनात बसलं होतं. ऊस आणि दुधाचं बस्तान बसेपर्यंत माझी पंचेचाळिशी आली, एवढंच.

विकणारा म्हणाला, "चौथं लागलंय." भाऊजींनी ओठ वर करून दाखवलं, तर पुढचे सगळे दात दुधाचे. घोड्याचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात. म्हणजे पोर जेमतेम दोन-सव्वादोन वर्षांची. रंग गर्द कुमेद, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका. आणि कान! मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, घोड्यात त्याचीच किंमत. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते कान चिमटीत धरून बघत होता, आणि ती शांत उभी होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवशी तिचे दोन्ही कान कोणालाही धरता येत होते.

घरी आणल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं, चाबूकस्वाराकडे द्या. पलीकडच्या तालुक्यातला एक जण नावाजलेला होता. लग्नाच्या वरातीत नाचणारी बरीच घोडी त्याच्याच हाताखालून गेलेली. तो येऊन बघून गेला. म्हणाला, "ताई, पंधरा दिवसांत चालीवर आणून देतो. जनावराला डोक्यावर चढवायचं नसतं."

चौथ्या दिवशी मी घासाचा भारा घेऊन तिला बघायला गेले. ती दोन खांबांच्या मधे उभी होती. मोहरकीच्या दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले, त्यामुळे मान खाली करता येत नव्हती. मागच्या पायांना पिछाडी. पोटाखालून घाम ठिबकून जमिनीवर ओल झाली होती. तोंडाला फेस होता आणि तो गुलाबी होता. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "दात बदलतात ना, त्याचं असतं." मी ऐकून घेतलं. ज्या पोरीचे दात आम्ही पंधरा दिवसांपूर्वी स्वतः बघितले होते, तिच्याबद्दल मी हे ऐकून घेतलं.

मग त्याने मला दाखवायचं म्हणून तिचा डावा कान मुठीत धरला आणि पिळला. फडकं पिळावं तसा. सावळी जागच्या जागी थिजली. शेपूट हलेना, पाय हलेना. "बघितलंत? कशी गप्प झाली." मला वाटलं, खरंच शहाणी झाली. तिच्या डोळ्याची पांढरी कड मला दिसत होती, बरगडीवरची कातडी सारखी थरथरत होती, ती लोखंड चावत होती त्याचा करकर आवाज येत होता. हे सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. पण मी बघत होते तिचे चार पाय, आणि ते स्थिर होते. घास तिथेच टाकून मी परत आले.

लगाम त्याने नंतर आमच्याकडेच ठेवला. धुवायला घेतला तेव्हा बोटाला टोचला. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला आतल्या बाजूने दाते होते. काटेरी लगाम वापरायला आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. साठ वर्षं होऊन गेली. तरी बाजारात मागा, मिळतो.

अकराव्या दिवशी तो तिच्यावर बसून दुडक्या चालीने आमच्या अंगणात आला. बघायला गल्ली जमली. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस, आणि खाली दोन वर्षांचं शिंगरू. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. दोन वर्षांचं घोडं दिसतं मोठं, पण पाठ कोवळी असते. दुसरीतल्या पोराच्या पाठीवर सिमेंटची गोणी दिली तर आपण पोलिसांत जाऊ. इथे आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढचे दिवस सांगते. मी पदर सावरायला हात वर केला तरी ती भिंतीला जाऊन आदळायची. कोणी बघत असेल तर चंदी खायची नाही. मोहरकी चढवायला गेलं की मान आढ्याला. एकदा गड्याच्या छातीवर पुढचा पाय आला, थोडक्यात वाचला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही खोडीची निघाली, विकून टाका." ती खोडीची नव्हती. तिच्या अंगात खोड घालून आम्हीच ती परत आणली होती.

मग मी एकच ठरवलं, वर्षभर तिच्या पाठीवर काहीही ठेवायचं नाही. सकाळी धारा झाल्या की दुधाची वही घेऊन तिच्या आवारात जाऊन बसायचं. हिशेब करायचा, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. टक लावून बघतो तो तिच्या लेखी शिकारी. पहिले बारा-तेरा दिवस ती पार टोकाला उभी असायची. मग अंतर कमी होऊ लागलं. एका सकाळी वहीचं पान ओलं झालं, बघते तर तिचं नाक. मी हात पुढे केला नाही. फार वाटत होतं, तरी केला नाही.

घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या बरोबर मागचं दिसत नाही. आपण लाडाने कपाळाकडे हात नेतो, तो तिच्या नजरेतून मधेच नाहीसा होतो. म्हणून मी खांद्याकडून सुरुवात केली. आयाळ संपते तिथे एक उंचवटा असतो. घोडी एकमेकींना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात. दीड महिन्याने मी तिथे खाजवत होते आणि तिचा खालचा ओठ लोंबत होता. दोरीवर चालवणंही नव्याने शिकवलं. हलकं ओढायचं, तिने अर्धं पाऊल टाकलं की त्याच क्षणी ढील द्यायची. ढील द्यायला उशीर झाला तर आपलं काय बरोबर आलं, ते तिला कळतच नाही. लगामाचं म्हणाल तर डाव्या बाजूचा पट्टा सुटा करून तिच्या डोक्याभोवती जुळवून बांधायचा, म्हणजे कानावरून काही ओढायला नको. याला रोज वीस मिनिटं जायची. जाऊ देत.

जबरदस्तीने काही होत नाही, हे मी तेव्हा येईल-जाईल त्याला सांगायचे. मग गेल्या वर्षीची भाद्रपदातली ती रात्र आली. सावळीला पोटशूळ झाला. सारखी लोळत होती, वळून वळून पोटाकडे बघत होती. डॉक्टर रात्री दीडला आले. नाकातून नळी घालून पोटात तेल सोडायचं होतं आणि ती डोकं स्थिर ठेवेना. डॉक्टर म्हणाले, वरच्या ओठाला दोरीचा फास लावून पिरगळून धरावं लागेल. ओठाचा फास काही मिनिटं घोड्याला शांत करतो, कान पिळला तर मात्र फक्त भीती वाढते, असंही त्यांनी सांगितलं. फास मी धरला. माझ्या हातांनी पिरगळला. ती थिजली. तेच थिजणं, त्याच पांढऱ्या कडा. पहाटे तिने लीद टाकली आणि आम्ही सगळे मटकन खाली बसलो.

मला वाटलं, तीन वर्षांचं सगळं त्या दहा मिनिटांत गेलं. सकाळी वही घेऊन गेले, तर ती नेहमीसारखी येऊन उभी राहिली. ओठाला हात लावला, लावू दिला. मग तो माणूस आणि मी, यात फरक काय? मी उत्तर खूप शोधलं. साठवलेलं काही होतं म्हणून चाललं, असं वाटतं. पण कधी कधी असंही वाटतं की घोडी आपल्यापेक्षा उदार असतात आणि आपण त्याला विश्वास हे नाव देऊन मोकळे होतो. त्याच्यावरचा राग कमी झाला का? नाही. फक्त आता तो राग मी पूर्वीइतक्या मोठ्या आवाजात सांगत नाही.

आता ती सहा वर्षांची आहे. मी तिच्यावर बसते, बांधावरून कालव्यापर्यंत जाऊन येतो. माझी भाची तिच्या पोटाखालून जाते. उजवा कान ती धरू देते, आत बोट घालून पुसू देते. डावा मात्र अजून नाही. मलाही नाही.

सारंगखेड्याला गेलात तर मारवाडी घोड्यांचे कान जरूर बघा. लांबून बघा. हात लावू नका.