मार्केट स्ट्रीटचा उंबरठा

फिलाडेल्फियाचे थर्टीएथ स्ट्रीट रेल्वेस्थानक स्कूलकिल नदीच्या पश्चिम काठावर उभे आहे. त्याच्या उंच खांबांच्या भव्य दालनातून बाहेर पडून पश्चिमेकडे चालू लागावे, की मार्केट स्ट्रीट पायाखाली येतो. नाव बाजाराचे, पण या टोकाला पेढ्या नाहीत आणि मालाच्या राशीही नाहीत. आधी ड्रेक्सेल विद्यापीठाच्या इमारती लागतात, मग प्रयोगशाळा आणि कचेऱ्या. छत्तिसाव्या रस्त्याच्या आसपास अशाच एका साध्या कार्यालयीन इमारतीत ईसीएफएमजी या संस्थेचा पत्ता आहे. तिची स्थापना १९५६ची. अमेरिकेबाहेर वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉक्टराला त्या देशात रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण, घ्यायचे असेल, तर साधारणतः याच संस्थेचे प्रमाणपत्र हाती असावे लागते. थोडे पुढे, त्याच रस्त्यावर, एनबीएमईचे कार्यालय आहे. यूएसएमएलई ही परवाना-परीक्षा चालवणाऱ्या दोन संस्थांपैकी ती एक.

लातूर, सांगली किंवा जळगावच्या एखाद्या घरात मुलगी एमबीबीएस होते आणि 'पुढे अमेरिका' असे ठरते, तेव्हा त्या घराचा या रस्त्याशी संबंध जडतो. घरच्यांना तो रस्ता ठाऊक नसतो, एवढेच.

या उंबरठ्यावर प्रथम कागद तपासला जातो. महाविद्यालय जागतिक वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूचीत हवे आणि त्याच्यापुढे ईसीएफएमजीची पात्रतेची नोंद हवी. विद्यार्थ्याने पदवीची प्रत सादर केली, तरी संस्था तिची खातरजमा थेट महाविद्यालयाकडून अथवा विद्यापीठाकडून करून घेते. पेढीवर हुंडी आली की ती लिहिणाऱ्याची सही आधी ओळखावी, तसाच हा व्यवहार. पत्राचे उत्तर देण्यास आपल्याकडील कार्यालयाने विलंब लावला, तर त्याची झळ विद्यार्थ्यालाच लागते. म्हणून पासपोर्ट, गुणपत्रक आणि पदवी यांवरील नावाचे लेखन एकसारखे आहे ना, हे पहिल्याच वर्षी पाहून ठेवावे.

मग परीक्षा. पहिल्या टप्प्यात मूलभूत विज्ञान आणि दुसऱ्यात रुग्णचिकित्सेचे ज्ञान. दोन्ही भारतातील केंद्रांवर देता येतात. पहिल्या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२२पासून केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातील गुणांना वजन आले. रुग्णाशी प्रत्यक्ष संवादाची जी परीक्षा पूर्वी अमेरिकेत जाऊन द्यावी लागे, ती २०२१मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी आता ईसीएफएमजीने ठरवलेले पर्यायी मार्ग आहेत आणि त्यांत ओईटी ही वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा आवश्यक आहे. कोणताही टप्पा चारपेक्षा अधिक वेळा देता येत नाही. 'एकदा देऊन तर पाहू' ही वृत्ती येथे महाग पडते, कारण एका अपयशाची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात दिसत राहते.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे जागा मिळाली, असा समज आपल्या समाजात पुष्कळदा आढळतो. तो खरा नाही. प्रमाणपत्राने फक्त दार उघडते. जागेची वाटणी होते ती 'मॅच' नावाच्या व्यवस्थेत, आणि व्यापारी मनाने ती नीट समजून घ्यावी इतकी ती विलक्षण आहे.

सप्टेंबरात अर्ज जातात, हिवाळाभर मुलाखती होतात. त्यानंतर उमेदवार आपल्याला हव्या असलेल्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो आणि रुग्णालये आपल्याला हव्या असलेल्या उमेदवारांची. दोन्ही याद्या संगणकावर जुळवल्या जातात आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो. जुळलेली जागा दोघांवरही बंधनकारक असते. ही व्यवस्था १९५२पासून आहे. तिची आजची रीत ज्यांनी घडवली ते ॲल्विन रॉथ, आणि अशा जुळणीचे गणित मांडणारे लॉइड शॅप्ली, या दोघांना २०१२चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बोलीशिवाय आणि दरपत्रकाशिवाय चालणारा हा बाजार आहे. येथे देणगी नाही, व्यवस्थापनाचा कोटा नाही. उलट निवड झालेल्या डॉक्टराला रुग्णालयच पगार देते आणि त्याबदल्यात आठवड्याला ८० तासांपर्यंत काम करून घेते. यादीत डावपेच लढवण्यातही अर्थ नाही; जे मनापासून हवे ते प्रथम लिहावे, यातच उमेदवाराचे हित आहे, अशी या गणिताची रचना आहे.

पण न्याय्य म्हणजे सोपे नव्हे. २०२४च्या मॅचमध्ये अमेरिकेतील एमडी अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३ टक्क्यांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या आणि अमेरिकी नागरिक नसलेल्या डॉक्टरांत हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते. म्हणजे परीक्षा दिलेल्या, खर्च केलेल्या, अर्ज भरलेल्या दर दहांतले चार जण मार्चमध्ये रिकाम्या हाताने राहिले. ज्यांना जागा मिळते, त्यांतही मेडिसिन, फॅमिली मेडिसिन आणि बालरोग या शाखा अधिक. त्वचारोग वा अस्थिशल्यचिकित्सा परदेशी डॉक्टरांच्या वाट्याला क्वचितच येते. पदवीनंतर जितकी वर्षे रुग्णसेवेविना जातात, तितका अर्ज दुबळा होतो. म्हणून या मार्गाचा ताळेबंद मांडताना रुपयांआधी वर्षे मोजावीत. रुपये पुन्हा उभे करता येतात, वर्षांचे तसे नाही.

मार्केट स्ट्रीटवरून पूर्वेकडे परतताना नदीपल्याड, विल्यम पेनचा पुतळा शिरावर घेतलेले सिटी हॉल दिसते. तेथून उत्तरेला थोड्या अंतरावर ब्रॉड आणि व्हाइन या रस्त्यांच्या चौकात हानेमान रुग्णालय होते. २०१९च्या उन्हाळ्यात ते दिवाळखोरीत निघून बंद पडले. साडेपाचशेहून अधिक प्रशिक्षणार्थी डॉक्टर एकाएकी निराधार झाले. त्यांत व्हिसावर आलेलेही होते. त्यांच्या बाबतीत प्रशिक्षण थांबणे म्हणजे देशातील वास्तव्यच धोक्यात येणे. बहुतेकांना इतर रुग्णालयांनी सामावून घेतले, पण ते आठवडे त्यांनी कसे काढले असतील याची कल्पनाच केलेली बरी. आणखी एक गोष्ट तेव्हा घडली. ज्या जागा उमेदवाराला कोणत्याही किमतीत विकत मिळत नाहीत, त्याच जागांचा रुग्णालयाच्या मालमत्तेत समावेश करून लिलाव झाला आणि साडेपाच कोटी डॉलरची बोली लागली. या जागा विकण्याजोगी मालमत्ता नाहीत, असे म्हणत केंद्र सरकारने हरकत घेतली आणि तो व्यवहार अखेर पूर्ण झाला नाही.

व्हिसाचा प्रश्न हा या वाटेवरील सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न आहे. बहुतेक परदेशी रेसिडेंट जे-१ व्हिसावर येतात आणि त्याची पुरस्कर्ती संस्था पुन्हा मार्केट स्ट्रीटवरचीच, ईसीएफएमजी. या व्हिसासाठी मायदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. जो अमेरिकेतील डॉक्टर-टंचाईच्या भागात तीन वर्षे सेवा करण्यास तयार होतो, त्याला या अटीतून सूट मिळू शकते. एका प्रमुख योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० शिफारशी करता येतात. दुसरा व्हिसा एच-१बी. त्यासाठी परीक्षेचा तिसरा टप्पाही आधी उत्तीर्ण व्हावा लागतो, आणि सप्टेंबर २०२५मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. हे नियम बदलत असतात. त्या त्या वर्षी ते मूळ ठिकाणी तपासूनच पाऊल टाकावे. जे-१चा अर्थ मात्र स्पष्ट आहे: शिकायला या आणि परत जा.

हाच अर्थ मनात घेऊन या शहरात एक मराठी मुलगी आली होती. शहराच्या उत्तर भागात नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय होते. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३मध्ये तेथे दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्या काळी यूएसएमएलई नव्हती, मॅच नव्हती, जे-१ व्हिसाही नव्हता. होते ते एक पत्र, निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात दिलेले एक भाषण, आणि आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी हे त्यांनी तेथे सांगितलेले कारण. हे श्रीरामपूर बंगालमधले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. पण क्षयाने जर्जर होऊन त्या परतल्या आणि काम सुरू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे झाले नव्हते.

ते महाविद्यालय पुढे विलीन होत होत आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत सामावले आहे. म्हणजे थर्टीएथ स्ट्रीट स्थानकातून निघून ईसीएफएमजीच्या दाराकडे चालणारा भारतीय पालक नकळत आनंदीबाईंच्या वारशाला वळसा घालूनच पुढे जातो.

त्या पालकाने मुलीला विचारायचे प्रश्न दोनच. मार्चच्या त्या शुक्रवारी नाव जुळले नाही, तर पुढचे वर्ष कसे काढायचे, हा पहिला. जुळले, तर शिकून झाल्यावर कोणाच्या उशाशी उभे राहायचे, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे घरातच, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. दुसऱ्याचे उत्तर कोल्हापूर असेल वा अमेरिकेतील एखादे डॉक्टरविना गाव. दोन्ही ठिकाणी रुग्ण वाट पाहतच असतात. उत्तरच नसेल, तर मात्र मार्केट स्ट्रीटवरचा तो उंबरठा ओलांडूनही फारसे काही हाती लागत नाही.