पहिलं तेल परत टाकीत

दिवाळीच्या सुमारास दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या जिनिंगांत कापसाच्या गाड्या लागल्या की अकोल्याच्या तेल गिरण्याही जाग्या होतात. कापसाच्या वजनात रुई जेमतेम तिसरा हिस्सा, उरते ती बहुतेक सरकीच. सरकीच्या ढेपेला मान मोठा. तिच्या वायदे बाजाराचं मुख्य केंद्रही अकोलाच. तेलाचं तसं नाही. एक्सपेलरमधून ते बाहेर येतं काळपट तांबडं आणि ढेपेच्या भुकटीनं गढूळ. त्याला पहिल्यांदा माणसांत आणतो तो फिल्टर प्रेस.

यंत्र दिसायला बाळबोध. दोन आडव्या दांड्यांवर ओतीव लोखंडाच्या किंवा प्लास्टिकच्या प्लेटा फडताळातल्या पुस्तकांसारख्या खेटून उभ्या, प्रत्येकीवर कापड, आणि एका टोकाकडून सगळ्यांना दाबून धरणारा हायड्रॉलिक जॅक. पूर्वी हे कापड जाड सुती असे, म्हणजे सरकीचं तेल कापसातूनच गाळलं जाई. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम धाग्याचं आलं आहे.

पण खरं गाळण कापड करतच नाही. पंप सुरू झाल्यावर पहिलं तेल गढूळच येतं आणि प्रेसवरचा जाणता माणूस ते निमूट परत टाकीत सोडतो. तेवढ्यात अडकलेल्या कणांचा कापडावर थर धरतो, आणि पुढचं तेल गाळतो तो हा थर. नवख्याला इथंच घाई नडते. सुरुवातीलाच पूर्ण दाब दिला की बारीक कण कापडाच्या विणीत रुतून बसतात आणि पाळी अर्ध्यावर येण्याआधीच धार बारीक होते. म्हणून दाब हळूहळू चढवायचा.

थर वाढेल तशी वाट बिकट होते. फ्रान्सच्या दिजाँ शहरातल्या आंरी दार्सी या अभियंत्यानं १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, तोच इथं लागू पडतो. दाब कायम ठेवला तर दुप्पट तेल गाळायला जवळपास चौपट वेळ लागतो. नागपूरला १९४२ पासून चालणाऱ्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकणारा हे समीकरणानं सोडवतो. गिरणीतला माणूस दाबाच्या काट्याकडे आणि धारेकडे पाहून प्रेस कधी उघडायचा ते सांगतो. दोघांचं उत्तर बहुधा एकच येतं.

उघड्या नळांच्या जुन्या प्रेसची एक सोय मात्र फार गुणी. प्रत्येक प्लेटला स्वतंत्र नळ असतो. एखादाच नळ गढूळ वाहू लागला तर त्या प्लेटचं कापड फाटलं किंवा त्याला सुरकुती पडली, हे लांबूनही कळतं. तेवढाच नळ बंद करायचा. बाकीचं काम चालू.

पुढं शुद्धीकरणात तेलाचा रंग उतरवण्यासाठी त्यात विशिष्ट माती मिसळतात आणि ती काढायला पुन्हा फिल्टरच लागतो. खरवडून काढलेल्या त्या मातीत बरंच तेल अडकून राहतं. ढिगात हवेशी संयोग होऊन ते आपोआप तापतं, कधी पेटही घेतं. म्हणून वैशाखातल्या उन्हात ही माती गोण्यांच्या थप्पीजवळ ठेवू देत नाहीत. पाणी मारून शेडपासून दूर, उघड्यावर नेऊन टाकतात.