वर कोण नेणार?

कुफ्रीत बर्फ होता, पण घोड्यांच्या टापांखालचा. शिमल्यापासून तासाभरावरचं हे ठिकाण एकेकाळी स्कीइंगसाठी नावाजलेलं. आता रस्त्याकडेच्या एका तिरक्या पट्टीवर एक माणूस तुमच्या पायांत जुनाट स्की अडकवतो, हाताला धरून वीस-पंचवीस पावलं घसरवत नेतो, दुसरा फोटो काढतो आणि खेळ आटोपतो. पैसे दोघांना वेगवेगळे.

मी तिथे थांबलेच नाही. नारकंडा, सोलंग, औली आणि शेवटी गुलमर्ग, अशी हिमालयातली स्कीची ठिकाणं एकाच हिवाळ्यात पाहायची असा बेत होता. औलीला पूर्वी स्कीवर उभं राहण्यापुरतं शिकले होते. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारत असतं, ‘कुठे जावं गं? काश्मीर की उत्तराखंड?’ ठिकाणं शेजारीशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

शिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर नारकंडा. उंची सुमारे 2,700 मीटर. हाटू शिखराच्या वाटेवर धोमरीचा उतार आहे, देवदारांच्या मधून कापून काढलेला, देखणा. बर्फ बऱ्यापैकी होता. लिफ्ट मात्र बंद. त्यामुळे शिकणारी मुलं स्की खांद्यावर घेऊन चढत होती. वीस मिनिटं दम खात चढायचं आणि मिनिटभरात खाली यायचं! स्कीइंग हा घसरत उतरण्याचा खेळ आहे असं सगळे धरून चालतात. उतार तर हिमालयात पैशाला पासरी आहेत. अडतं ते चढण्यापाशी. तुम्हाला दिवसातून दहा वेळा वर कोण नेणार, आणि त्याचा खर्च कोण सोसणार, यावर ते ठिकाण कसं होणार हे ठरतं. धोमरीला हे डोक्यात बसलं आणि पुढे सगळीकडे मी आधी तेच बघत गेले.

नारकंड्याला बर्फाची खरी काळजी आहे ती बागाईतदारांना. जवळच्या कोटगढ-थानेदार भागात सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकन सफरचंदाची लागवड केली आणि या डोंगरांचं नशीब बदललं. डेलिशससारख्या जुन्या जातींना हिवाळ्यात हजारावर तास कडक थंडी लागते, नाहीतर झाड नीट फुलत नाही. बर्फाला इथले लोक ‘सफेद खाद’ म्हणतात. आमच्या ढाब्यावरचा मालक सकाळपासून आभाळाकडे बघत होता. स्कीवाल्यांसाठी बघतोय असं मला वाटलं. म्हणाला, ‘वो तो दो-चार दिन के मेहमान हैं, मैडम. हमारा तो बगीचा है.’

सोलंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि जे आहे ते स्कीइंगबद्दल नाही. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, पण पर्यटकांच्या गर्दीत त्याला दोन तासही लागतात. वाटेत भाड्याच्या कोटांची आणि गमबुटांची दुकानं, त्यांच्यावर ठळक आकडे रंगवलेले, म्हणजे परतताना कोट कुठे द्यायचा ते लक्षात राहावं. सोलंगला पोचल्यावर मराठी कानावर पडत नाही असा कोपरा सापडत नाही. ‘बंड्या, मोजे ओले करू नकोस’पासून ‘अहो, मॅगी तीन सांगा’पर्यंत. स्नो-स्कूटर, टायरच्या ट्यूब, मोठाले पारदर्शक चेंडू, याक. वर जायला रोपवे आहे, पण तो वर जाऊन बघून येणाऱ्यांसाठी. खालच्या उतारावर स्की घालून उभं राहिलात, तर तुमच्या मार्गात एखादं कुटुंब स्नोमॅन करत बसलेलं असतं. त्यांचंही बरोबर आहे. आयुष्यात एकदा बर्फ बघायला आलेल्या माणसाला ‘बाजूला व्हा’ कुठल्या तोंडाने म्हणायचं?

पण याच दरीत देशातले अव्वल स्कीपटू घडले, हे विसरता येत नाही. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे स्कीचे वर्ग सोलंगच्याच उतारांवर चालत आले आहेत. जवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर 2018च्या जानेवारीत तुर्कस्तानात एर्झुरुमला कांस्यपदक मिळवून आली. स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक.

मनालीला याहून फार मोठं काही होऊ घातलं होतं. हेन्री फोर्डचा पणतू आल्फ्रेड फोर्ड याच्या पाठबळाने इथे ‘हिमालयन स्की व्हिलेज’ उभं राहणार होतं. हॉटेलं, बाजार, डोंगरमाथ्यापर्यंत नेणाऱ्या लिफ्ट, युरोपात असतं तसं सगळं. गावकऱ्यांना पाण्याची, जंगलाची, चराऊ कुरणांची धास्ती होती आणि माथ्यावरच्या देवस्थानांचीही. 2006च्या फेब्रुवारीत नग्गरला ‘जगती’ बोलावली गेली. जगती म्हणजे कुल्लू खोऱ्यातल्या देवांची सभा. देव आपापल्या ‘गूर’च्या, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो त्या माणसाच्या, तोंडून बोलतात. आपल्या कोकणात देवाला कौल लावतात, तसं इथे साऱ्या खोऱ्याचे देव एकत्र बसवून विचारलं गेलं. देवांनी नकार दिला. पुढे कज्जे, चौकशा होत प्रकल्प बारगळला. नग्गरच्या किल्ल्यात जगतीची शिळा आहे, ती मी मुद्दाम बघून आले. स्की करणारे मित्र या गोष्टीला हसतात. मला हसू येत नाही. वर कोण नेणार, या प्रश्नाआधी वर जायचं का, हा प्रश्न कुठेतरी रीतसर विचारला गेला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

औलीची वाट ऋषिकेशहून. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, दिवसभर नदीच्या कडेने, सगळीकडे रस्तारुंदीकरणाची धूळ. जोशीमठला पोचेपर्यंत अंगाचा खुळखुळा होतो. जोशीमठहून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे ही या ठिकाणाची शान होती. दहा मनोरे, आणि दहाव्या मनोऱ्यापासून स्कीचा मुख्य उतार सुरू. आम्ही गेलो तेव्हा रोपवे बंद होता. 2023च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना तडे गेले, जमीन खचू लागली, तेव्हापासूनच. उपग्रहाच्या मोजणीत जमीन अवघ्या बारा दिवसांत 5.4 सेंटिमीटर खचलेली दिसली होती. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलं आहे, इथे अवजड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने 1976 सालीच लिहून दिलं होतं. त्यानंतर काय काय बांधलं गेलं ते रस्त्याच्या दुतर्फा दिसतंच. काही भिंतींवर पाडायच्या घरांची लाल फुली अजून वाचता येत होती. आम्ही जीपने वर गेलो.

औली म्हणजे शाळा. हे मी कौतुकाने म्हणते आहे. वरपासून खालपर्यंत एक सलग, रुंद, मोकळा उतार, साधारण 3,000 मीटरवरून 2,500 पर्यंत. मध्ये झाडं नाहीत, कडे नाहीत, घसरलात तर फार तर पुढच्या विद्यार्थ्यावर जाल. इंडो-तिबेट सीमा पोलिसांची स्कीची संस्था इथेच आहे आणि गढवाल मंडल विकास निगमचे वर्गही इथेच चालतात. पहिल्या दिवशी तुम्हाला खाली जायला शिकवत नाहीत, वर चढायला शिकवतात. उताराला आडवं उभं राहायचं, वरच्या पायाची स्की उचलून कडेने बर्फात रोवायची, मग खालचा पाय तिच्याशेजारी आणायचा. खेकड्यासारखं एकेक पाऊल. स्कीचे बूट प्लॅस्टिकचे, चार बकलांचे, घोटा जराही वळू न देणारे. टाच बाइंडिंगवर दाबली की खाडकन आवाज होतो, आणि त्या क्षणी आपले पाय आपले राहत नाहीत. ‘घुटना मोड़ो! वी बनाओ! वी!’ प्रशिक्षक ओरडत असतो. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा उलटा व्ही झाला की वेग मरतो. समोर 7,816 मीटरची नंदादेवी उभी असते आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नसते.

औलीचं दुखणं एकच, बर्फ. 2011च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, तेव्हा इथे कृत्रिम बर्फाची यंत्रं आली, त्यांना पाणी पुरवायला तळं बांधलं. पण त्या यंत्रांनाही थंडी लागतेच. हवा कोरडी आणि पारा शून्याच्या चांगला खाली असेल तरच फवारलेल्या पाण्याचा बर्फ होतो, नाहीतर नुसता चिखल. म्हणजे बर्फ पडत नाही त्या उबदार हिवाळ्यात यंत्रंही हात वर करतात. बर्फ नाही म्हणून स्पर्धा पुढे ढकलणं, रद्द करणं हे औलीला नवीन राहिलेलं नाही. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्यातला बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांनी, भूमध्य समुद्राकडून निघालेल्या वाऱ्यांनी. गुलमर्ग ज्या रांगेत आहे ती पीर पंजाल त्यांच्या वाटेत आधी येते, तिथे ते भरभरून देतात. पूर्वेकडे गढवालला येईतो हात आखडलेला असतो. गुलमर्ग आणि औली यांत शिकवणाऱ्यांचा, सोयींचा फरक आहेच, पण अर्धा फरक नकाशानेच ठरवलेला आहे.

गुलमर्गला जाताना तंगमर्गला गाडी थांबली की चाकांना साखळ्या लावणारी पोरं धावत येतात. वर तेरा किलोमीटर देवदार-कैलांची वळणं, मग एकदम पठार. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 साली इथे स्की क्लब काढला, तेव्हापासून हे नाव टिकून आहे. पण आजचं गुलमर्ग घडवलं गोंडोलाने, म्हणजे केबिनच्या रोपवेने. पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला, पठारावरून कोंगदूरीपर्यंत. दुसरा 2005 साली, कोंगदूरीहून थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरला. पठार 2,650 वर. म्हणजे एका दमात तेराशे मीटरचा उतार. कळसूबाईला बारीपासून चढतो त्याहून कितीतरी जास्त, आणि तो सगळा भुसभुशीत बर्फात. औलीचा उतार यात दोनदा मावून वर उरेल.

सकाळी दुसरा टप्पा उशिरा उघडतो. आदल्या रात्री बर्फ पडला असेल तर आधी स्की पेट्रोलची माणसं वर जातात आणि सुरुंग लावून सैल थर पाडतात. धप्प असा आवाज पठारावर येतो, रांगेतले अनुभवी लोक मान हलवतात. सुरक्षित केलेला भाग तेवढाच, गोंडोलाच्या पुढ्यातला. त्याच्या डाव्या-उजव्या घळींत जे उतरतील त्यांनी आपला जीव आपण सांभाळायचा. 2023च्या फेब्रुवारीत हापतखुडला हिमप्रपातात दोन पोलिश स्कीपटू गेले. पाठीवर फावडं, छातीवर शोधयंत्र आणि सोबत माहीतगार काश्मिरी वाटाड्या नसताना त्या बाजूला वळणाऱ्याला धाडसी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी अफरवटहून स्कीवर उतरले नाही, तेवढी माझी तयारी नाही. कोंगदूरीहून पठारापर्यंतची झाडांमधली वाट मला पुरते. पण वर गेले, बघायला. रांगेत माझ्यापुढे दोन फ्रेंच तरुण, मागे साताऱ्याकडच्या एक काकू, नऊवारीवर भाड्याचा फर कोट, पायात गमबूट, डोक्याला मफलर. फ्रेंच पोरं कुरकुरत होती, की या पर्यटकांमुळे तासभर रांगेत जातो. काकूंनी मला विचारलं, ‘काय म्हणतायत हो ताई ते?’ मी सांगितलं. ‘मग? आम्ही फुकट आलोय काय?’

काकूंचा मुद्दा बिनतोड होता. माझ्या वाटाड्यानेच केबिनमध्ये हिशेब मांडला. ‘स्की करनेवाले कितने हैं, जनाब? सर्दियों के तीन महीने. टूरिस्ट बारह महीने. ये तार वही खींच रहे हैं.’ मोसमात वर जाणाऱ्यांत स्कीवाले मूठभर. बाकीचे वर जातात, दहा मिनिटं कुडकुडतात, फोटो काढतात, त्याच केबिनने खाली येतात. त्यांच्या तिकिटांवर तो फ्रेंच तरुण अफरवटचा उतार उतरतो. सोलंगला तसं झालं नाही, तिथे गर्दी आणि स्की एकाच उतारावर आले आणि स्की हरली. गुलमर्गला डोंगर एवढा मोठा आहे की दोघांना पुरून उरतो. निदान बर्फ असेपर्यंत. 2024चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, ऐन चिल्ले कलांमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीच्या दिवसांत, पठार तपकिरी पडलं होतं. 2025ला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. स्थानिक मुलांचं सगळं त्या थोडक्या आठवड्यांवर अवलंबून. बीजिंगच्या 2022च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता तो इथलाच, आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. पठारावरच्या छोट्या उतारावर दहा-बारा वर्षांची पोरं त्याचं नाव घेऊन एकमेकांना डिवचत होती.

वर पोचल्यावर काकूंनी चारी बाजूंना बघितलं, नातवाला फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. फ्रेंच पोरं स्की अडकवून कड्यावरून दिसेनाशी झाली. काकू तिकडे बघत म्हणाल्या, ‘यांना परत वर यायला पुन्हा तिकीट काढावं लागतं का हो?’

‘त्यांचा दिवसभराचा पास असतो,’ मी सांगितलं.

‘असं होय! मग आमच्याकडूनच का प्रत्येक वेळचे घेतात?’ म्हणाल्या आणि खाली जायच्या रांगेकडे वळल्या.