माथेरानची रात्र, चेहऱ्यावरची सकाळ

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे मोटारींना मज्जाव. तिथून गावात जायचे ते पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकातून निघणाऱ्या छोट्या गाडीने. घरातील वयोवृद्धांना घेऊन आपण कधी येथे आला असाल, तर चार पावले चालताच कानांवरचे ओझे उतरल्याचा अनुभव आपणांसही आला असेल. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवरील ही जागा 1850 साली ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांच्या नजरेस आली आणि 1907 मध्ये नेरळची छोटी रेल्वे सुरू झाली. मुंबईकर येथे येतात ते हवापालटासाठी. येथील रात्रीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

गेल्या डिसेंबरात मी आईला घेऊन येथे चार दिवस राहिले. आई 78 वर्षांची. वडिलांच्या दोन वर्षांच्या आजारपणात तिने रात्ररात्र जागून काढली. वडील गेले, तिची रात्री दोनला जाग येण्याची सवय मात्र गेली नाही. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळसर छाया, नडग्यांची कातडी कोरडी आणि रात्रभर खाज. मी महागडी क्रीमे आणून दिली. ती म्हणाली, "अगं, चेहऱ्याला काय लावतेस? आधी डोळ्याला डोळा लागू दे."

पहिल्या रात्री काहीच पालटले नाही. ती दोनला उठून बसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र माथेरानने आपला दिनक्रम आमच्यावर लादला. सकाळी कोवळ्या उन्हात तांबड्या मातीच्या वाटेवरून शार्लोट तलावापर्यंत हळूहळू चालणे, दुपारी जेमतेम अर्धा तास आडवे होणे, संध्याकाळी साडेसातला हलके जेवण. त्यानंतर दाट झाडीतला काळोख आणि शांतता. तिसऱ्या रात्री ती पहाटे पाचपर्यंत झोपली.

यात जादू काही नव्हती. सकाळचा उजेड आपल्या शरीरातील घड्याळ लावून देतो आणि रात्रीचा अंधार झोपेला साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाला वाट मोकळी करतो. गाढ झोपेच्या सुरुवातीच्या तासांत वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते व शरीरातील झीज भरून येण्यास मदत होते. त्वचाही त्याला अपवाद नाही. शिवाय रात्री त्वचेतून बाष्परूपाने अधिक पाणी निघून जाते. म्हणून कोरड्या त्वचेची खाज रात्रीच बळावते. खाजेने झोप मोडते आणि झोप मोडली की त्वचेला सावरण्यास उशीर लागतो.

चेहरा हे सारे सांगून टाकतो. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी 2010 मध्ये 23 जणांची छायाचित्रे पुरेशा झोपेनंतर आणि जागरणानंतर घेतली व ती 65 त्रयस्थांना दाखवली. जागरणानंतरचे चेहरे त्यांना अधिक थकलेले आणि कमी निरोगी वाटले. मात्र गैरसमज नको. सुरकुत्या येतात त्या मुख्यतः वयाने आणि उन्हाने. चार रात्रींच्या झोपेने त्या पुसल्या जात नाहीत. आईच्याही पुसल्या गेल्या नाहीत. ओढलेपण तेवढे गेले, आणि चेहऱ्यावरची सकाळ परत आली.

हे माथेरान आपल्याला घरीही आणता येईल. झोपण्याची व उठण्याची वेळ ठरलेली ठेवा. सकाळी अर्धा तास तरी उजेडात बसा. दुपारनंतर चहा टाळा, निजण्यापूर्वी तासभर दूरदर्शन व मोबाइल बंद करा. स्नान कोमट पाण्याने करा, अंग रगडू नका. टिपून घेऊन अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे मलम लावा. थंडीच्या दिवसांत तर हे विसरूच नका. कपडे व चादर सुती असू द्या, नखे कापलेली ठेवा. रात्री उठून चालण्यापूर्वी पायांचे तेल पुसा, नाहीतर घसरण्याचे भय. खाज दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा झोपेत मोठे घोरणे व श्वास अडकणे आढळले, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी मनाने घेऊ नका.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी लागते. म्हणजे एकाची त्वचा राखताना दुसऱ्याची झोप जाते. येथेच मला माझी चूक सांगितली पाहिजे. वडिलांच्या आजारपणात आम्ही भावंडे दिवसा येत असू, फळे आणत असू, औषधे आणत असू. रात्र मात्र आईचीच, हे आम्ही गृहीत धरले होते. आठवड्यातून दोन रात्री जरी आम्ही वाटून घेतल्या असत्या, तरी तिला सलग झोप मिळाली असती.

परतीच्या सकाळी आई खोलीतल्या आरशासमोर वेणी घालत होती. मी मागे उभी होते. आरशातूनच माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "तूही झोपलीस वाटतं चार दिवस." तेव्हा माझे लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेले.

आपल्या घरात रात्री कोण उठते, हे आज एकदा पाहा. उद्याची एक रात्र त्या माणसाकडून मागून घ्या.