ताईची असोसिएशन

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि ताईचा फोन आला. आमची शनिवार सकाळ म्हणजे तिची ओहायोतली शुक्रवार रात्र. ताई मूळची डेंटिस्ट. पुण्यात बीडीएस, मग तिकडे हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर्स, आणि आता नऊ डॉक्टरांच्या एका क्लिनिकची मॅनेजर.

"अरे, क्लिनिक एका असोसिएशनची फी भरणार आहे. एकाच. कुठली घेऊ? तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्या पद्धतीनं सांग."

मग काय, साहेबांनी एक्सेल उघडलं :-)

एसीएचई, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ हेल्थकेअर एक्झिक्युटिव्ह्ज. १९३३ सालची, हॉस्पिटलं चालवणाऱ्या बड्या लोकांची. मास्टर्स, अनुभव आणि परीक्षा जमली की नावापुढे 'एफएसीएचई' लावता येतं. एमजीएमए १९२६ सालची, डॉक्टरांची क्लिनिकं सांभाळणाऱ्या मॅनेजर मंडळींची. एचएफएमए १९४६ची, हॉस्पिटलच्या पैशांचा हिशोब बघणाऱ्यांची. हिम्स १९६१ची, हेल्थ आयटीवाल्यांची. (तिला मी उगाचच दोन मार्क जास्त दिले. शेवटी आपली माणसं!)

नाव, सर्टिफिकेट, ओळखी, पुढची नोकरी... प्रत्येकाला वेटेज दिलं. एसीएचई पहिली आली. मी मोठ्या ऐटीत शीट पाठवून दिलं.

पलीकडे शांतता. मग ताई म्हणाली, "बरोबर असेल रे. पण सोमवारी सकाळी अडलं तर मी कुणाला विचारू?"

आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. गेल्या महिन्यात रिसेप्शनवरच्या दोघींनी एकाच आठवड्यात नोकरी सोडली. डॉक्टरांचं म्हणणं, एकीवर भागेल. भागणार नाही हे हिला दिसत होतं, पण पुढे ठेवायला आकडा नव्हता. वर डॉक्टर, खाली स्टाफ, आणि मॅनेजर ही एकटीच. तीन आठवडे बाईसाहेब स्वतः फोन उचलत होत्या. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

माझ्या शीटमध्ये याचा कॉलमच नव्हता.

पुन्हा बसलो. एमजीएमए क्लिनिकांचे सर्व्हे करते. एका डॉक्टरमागे माणसं किती, पगार किती, खर्च किती. आपलं क्लिनिक त्यांच्याशी ताडून बघता येतं. शिवाय राज्याराज्यात शाखा आहेत. म्हटलं, "फी भरायच्या आधी एखाद्या मीटिंगला जाऊन तर ये."

गेली. जेवणाच्या टेबलावर शेजारी एक साठीच्या बाई होत्या, अकरा डॉक्टरांचं क्लिनिक सांभाळणाऱ्या. ताईनं रिसेप्शनचा किस्सा सांगितला तर त्या हसायलाच लागल्या. त्यांच्याकडेही हेच झालं होतं! कामाला न उचललेल्या फोनची आठवडाभराची मोजणी आली. ती घेऊनच त्या डॉक्टरांसमोर गेल्या होत्या.

ताईनंही तेच केलं. एक माणूस मंजूर झालं, दुसऱ्याचं बोलणं चालू आहे. एमजीएमएची फी भरली. "एसीएचईचं काय?" मी विचारलं. "हॉस्पिटलात जायचं ठरलं की बघू. आत्ता नावापुढे अक्षरं नकोत, फोन नंबर हवेत."

मी इंजिनिअरिंगला असताना सगळे घेतात म्हणून एका संस्थेची मेंबरशिप घेतली होती. रेझ्युमेवर एक ओळ वाढली. मीटिंगला? एकदाही गेलो नाही.

असो. चहा पार गार झालाय.