सायकलीचा दिवा

डेन्मार्कांतील ओडेन्स शहरीं २००४-०५ सालीं सुमारें ४,००० सायकलस्वार घेऊन प्रयोग झाला. दिवसाही दिवे चालू ठेवणारांचे अपघात १९ टक्क्यांनीं कमी भरले. हें वाचून आम्हीं अतिप्रखर दिवा आणून आपल्या सायकलीस लाविला.

एके सायंकाळीं अरुंद पुलावर आमच्याच आळींतील एक वृद्ध गृहस्थ समोरून सायकलीवर आले. झोतानें त्यांचे डोळे दिपले व ते कठड्यावर आदळले. आम्हीं धांवत जाऊन त्यांस उठविलें. गुडघा फुटला होता. ते इतकेंच म्हणाले, "मास्तर, दिवा दिसला, रस्ता मात्र दिसेना."

त्याच रात्रीं आम्हीं दिव्याचें तोंड खालीं वळविलें. समोरच्यास दिपवूं नये, असा जर्मनींत नियमच आहे. विद्यार्थ्यांनो, दिवा अवश्य लावा. पण भुईकडे वळवून.